बांधाविना शेती: इंग्लंडमधील लॅक्स्टन गाव आणि त्याचा परिसर

इंग्लंडमधील खेडे म्हटले म्हणजे आपल्याकडील वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे जे चित्र उभे राहते, ते बहुधा दिनदर्शिकेच्या पानांवरून आणि प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवरून आलेले असते: मधाच्या रंगाच्या दगडांची बुटकी घरे, भिंतींवर चढलेले गुलाब, मधून वाहणारा उथळ ओढा, ओढ्यावरचा कमानीचा पूल आणि पलीकडे चर्चचा मनोरा. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतील बायबरी किंवा विल्टशायरमधील कॅसल कूम ही गावे या चित्राबरहुकूम आहेत, आणि पाहणाऱ्याचे मन प्रसन्न व्हावे इतकी ती खरोखरच देखणी आहेत. परंतु खेडे काही केवळ घरांनी होत नाही. खेडे होते ते जमिनीने. आणि जमीन म्हटली की तिच्यावरील हक्क, वहिवाट, हद्दी, हद्दींवरून उद्भवणारे तंटे आणि ते मिटविण्याची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत, हा सारा संसार तिच्यामागोमाग येतो. इंग्रजी खेड्याचे हे अंतरंग ज्याला पाहावयाचे असेल त्याने, माझ्या मते, देखणेपणाबद्दल फारशी ख्याती नसलेल्या एका गावी जावे. ते गाव म्हणजे नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी आगगाडी सुमारे दीड तासात न्यूअर्क या जुन्या बाजारगावी पोचते. तेथून वायव्येस, मोटारीने अर्ध्या तासाच्या वाटेवर लॅक्स्टन आहे. रस्त्याने जाताना दोहों बाजूंना इंग्लंडच्या ग्रामभागाचे ते सुपरिचित दृश्य दिसत राहते: हिरव्या जिवंत कुंपणांनी वेढलेले शेताचे लहानमोठे चौकोन, प्रत्येक चौकोन एकेका धन्याचा, आणि शेतकऱ्याचे घर गावापासून दूर, ज्याच्या त्याच्या शेताच्या मध्यावर. लॅक्स्टनच्या शिवारात शिरताच मात्र ही कुंपणे एकाएकी नाहीशी होतात. समोर पसरते ते एकच विस्तीर्ण, किंचित चढउताराचे वावर, ज्यात एका शेतकऱ्याचे पीक कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे नवख्या माणसाला सहसा कळत नाही. शेतकऱ्यांची लाल विटांची घरे आणि कोठारे मात्र सारी गावातच, रस्त्याला आपली आखूड बाजू देऊन शेजारी शेजारी उभी आहेत. पांढरीत घरे आणि काळीत शेते ही आपल्या देशावरील गावाची जी जुनी मांडणी, ती मराठी माणसाला येथे पाहताक्षणी ओळखू येईल.

या रचनेमागे जी शेतीची पद्धत आहे ती मध्ययुगीन इंग्लंडच्या मध्यभागात सर्वत्र रूढ होती. गावाची जिराईत जमीन काही मोठ्या वावरांत विभागलेली असे. लॅक्स्टनला आज अशी तीन वावरे उरली आहेत, दक्षिण वावर, पश्चिम वावर आणि गिरणीचे वावर, आणि तिन्ही मिळून त्यांचे क्षेत्र सुमारे पाचशे एकर भरते. यांपैकी एका वावरात शरद ऋतूत गहू पेरायचा, दुसऱ्यात वसंत ऋतूत दुसरे एखादे पीक घ्यायचे आणि तिसरे पडीक ठेवून जमिनीला विसावा द्यायचा. पुढल्या वर्षी हा क्रम एका पायरीने सरकवायचा, आणि तीन वर्षांनी फेरा पुन्हा मूळ ठिकाणी आणायचा. पडीक वर्षी आता चाऱ्याचे पीक घेण्याची मुभा आहे, परंतु फेऱ्याचे तत्त्व तसेच आहे. प्रत्येक वावराच्या पोटात अनेक लांबट पट्ट्या असतात आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याच्या पट्ट्या तिन्ही वावरांत विखुरलेल्या असतात. तसे नसते, आणि एखाद्याची सारी जमीन एकाच वावरात असती, तर ते वावर पडीक पडण्याच्या वर्षी त्याच्यावर उपासमारीची पाळी आली असती, हे उघड आहे.

पट्ट्या इतक्या लांब आणि अरुंद का, याचे उत्तर बैलांत आहे. येथील जमीन भारी चिकणमातीची. ती नांगरावयास पूर्वी अनेक बैलांची लांबलचक रांग जुंपावी लागे, आणि एवढी रांग तासाच्या टोकाशी वळविणे हे अत्यंत कष्टाचे काम असल्यामुळे वळणे जितकी कमी तितके बरे, असा सरळ हिशेब होता. एक एकर म्हणजे स्थूलमानाने एका दिवसाची नांगरणी. नांगर नेहमी माती एकाच अंगाला टाकीत असल्याने शतकानुशतकांच्या नांगरणीने प्रत्येक पट्टीचा मध्य उंचावत गेला आणि कडा खोलावत गेल्या. पुढे ज्या जमिनी नांगराखालून निघून कुरणे झाल्या, त्यांत हे उंचवटे आणि सऱ्या जशाच्या तशा राहिल्या असून, सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडले म्हणजे गवताखालील त्या लाटा स्पष्ट दिसतात. त्यांकडे नीट पाहिले तर त्या सरळ नसून टोकांशी हलकेच वळलेल्या आढळतील. बैलांची रांग वळवावयाची म्हणून नांगऱ्या आधीपासूनच तिला बाजूला घेऊ लागे, आणि ते वळण भूमीवर कायमचे उमटून राहिले.

जमिनीचे विखुरलेले तुकडे हा आपल्याकडे कृषिसुधारणेचा जुना विषय आहे. १९४७ साली मुंबई सरकारने तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा केला तो याच दुखण्यावर इलाज म्हणून, आणि ते दुखणे खरे आहे हे कोणताही शेतकरी सांगेल. परंतु लॅक्स्टनकडे पाहताना ध्यानात येते की विखुरलेपणाला एक न्यायबुद्धीही असू शकते: चढावरची निचऱ्याची जमीन, उताराची मध्यम जमीन आणि सखलातील ओली जमीन या तिन्हींतला अंश प्रत्येकाच्या पदरी पडतो, आणि पाऊस जास्त झाला वा कमी झाला तरी कोणा एकाचेच सर्वस्व बुडत नाही. अर्थात हा लाभ पदरात पाडून घ्यावयाचा तर सर्वांनी एकाच शिस्तीने वागले पाहिजे. आपल्या पट्टीत मनास येईल ते पीक मनास येईल तेव्हा घेण्याचे स्वातंत्र्य येथे कोणालाच नाही. पूर्वी पीक निघाल्यावर सारे वावर गावच्या जनावरांना चरण्यासाठी मोकळे होई. तेव्हा एकाची कापणी लांबली तर सगळ्यांची गुरे खोळंबत, आणि एकाने कापणीआधी जनावरे सोडली तर शेजाऱ्याचे पीक जाई.

वावरांच्या सखल, ओलसर खोलगटींत नांगर चालवता येत नाही असे गवताचे पट्टे सोडलेले आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘साइक’ म्हणतात. खते आणि फवारण्या यांचा स्पर्श फारसा न झाल्यामुळे इंग्लंडच्या इतर भागांतून जवळजवळ नामशेष झालेली रानफुले या पट्ट्यांत अजून फुलतात, आणि म्हणून वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही त्यांना संरक्षण मिळाले आहे. हे गवत कोणा एकाचे नसून गावचे. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीस त्याचा लिलाव होतो, आणि जो बोली जिंकेल त्याने ते कापून न्यायचे.

एवढे सगळे नियम पाळले जातात ते कोणाच्या अंमलाखाली, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिलाच असेल. त्याचे उत्तर म्हणजे लॅक्स्टनची ‘कोर्ट लीट’, अर्थात जहागिरीची ग्रामकचेरी. आणि हे गाव पाहण्याचे खरे कारण, माझ्या लेखी, हीच संस्था होय. मध्ययुगात इंग्लंडमधील प्रत्येक जहागिरीत अशी कचेरी भरत असे आणि किरकोळ गुन्ह्यांपासून सांडपाण्याच्या चरापर्यंत गावच्या कारभाराचा निवाडा तीत होई. पुढे सरकारी न्यायालये आली, जिल्ह्याचा कारभार आला, आणि या कचेऱ्या एकेक करून मावळल्या किंवा नुसत्या समारंभापुरत्या उरल्या. १९७७ साली पार्लमेंटने न्यायव्यवस्थेविषयीचा जो कायदा केला त्याने अशा उरल्यासुरल्या कचेऱ्यांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतले. जे अगदी मोजके अपवाद केले, त्यांत लॅक्स्टन होते. तेव्हा येथे जे चालते ते हौशी मंडळींनी पर्यटकांसाठी उभे केलेले नाटक नव्हे. तेथे झालेला दंड हा खरा दंड असतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू नुकताच उगवून जमिनीवर हिरवी रेघ धरू लागला असता, पंचांची पाहणी होते. आदल्या वर्षी नेमलेले बारा पंच, त्यांचा एक मुख्य, ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसून त्या वर्षीच्या गव्हाच्या वावरात जातात. बरोबर लाकडी खुंट, मोगरी आणि फावडे असते. पट्टीच्या टोकाशी पंच उतरतात. एकजण जुन्या खुंटाची जागा शोधतो, दुसरा पलीकडच्या टोकाशी जाऊन उभा राहतो, आणि मुख्य पंच या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर लावून रेषा सरळ आहे की कोणी शेजाऱ्याच्या अंगावर एखादे तास जास्त टाकले आहे हे पाहतो. आपल्याकडे ज्याला बांध कोरणे म्हणतात त्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे कोरण्यासाठी बांधच नाही; आहे ती केवळ दोन खुंटांमधली कल्पिलेली रेषा, आणि ती मोडली गेली की नाही हे ठरविणारी शेजाऱ्यांची नजर. नांगर गवताच्या पट्ट्यात किंवा सार्वजनिक वाटेत घुसला आहे काय, पाण्याचे चर साफ ठेवले आहेत काय, हेही त्याच फेरीत तपासतात आणि जेथे कसूर आढळेल तेथे नवा खुंट ठोकून नावानिशी टिपून घेतात. पंच स्वतःच शेतकरी असतात, आणि ज्याच्या पट्टीत चूक सापडली तो कित्येकदा त्या गाडीत शेजारीच बसलेला असतो.

आठवडाभराने गावातील ‘डव्हकोट इन’ या खाणावळवजा मद्यगृहात कचेरी भरते. जहागीरदाराचा कारभारी, जो बहुधा वकील असतो, अध्यक्षस्थानी बसतो. कुळांच्या नावांचा पुकारा होतो. पंचांचे टिपण वाचले जाते. दंड आकारले जातात आणि पुढील वर्षाच्या वावरासाठी नव्या पंचांची शपथपूर्वक नेमणूक होते. दंडाच्या रकमा अगदी किरकोळ असतात. परंतु साऱ्या गावासमक्ष आपले नाव वाचले जाणे हा दंडाचा मुख्य भाग होय, आणि त्याचा धाक रकमेवर अवलंबून नाही. ‘डव्हकोट’च्या जवळच चुकार जनावरे अडकवून ठेवण्याचा गावचा जुना कोंडवाडाही आहे.

या गावाच्या कागदोपत्री इतिहासात एक धागा असा आहे की जो थेट आपल्या कोकणकिनाऱ्यापर्यंत येतो. १६३५ साली लॅक्स्टनचे तत्कालीन जहागीरदार सर विल्यम कोर्टीन यांनी मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराकडून गावची संपूर्ण मोजणी करविली. प्रत्येक पट्टी कोणाकडे, तिचे क्षेत्र किती, ती कोणत्या वावरात, याची तपशीलवार नोंद त्याने केली, आणि सोबत चर्मपत्रावर एक भव्य रंगीत नकाशा काढला. त्या नकाशात नांगर हाकणारे, पेरणी करणारे, कापणी करणारे आणि शिकारीमागे धावणारे इवलेसे लोक जागोजाग रेखाटलेले आहेत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जतन केला असून, गावातील छोटेखानी माहितीकेंद्रात त्या व्यवस्थेची ओळख करून देणारी चित्रे आणि फलक मांडले आहेत. हे कोर्टीन लंडनचे बडे व्यापारी होते. ज्या वर्षी त्यांनी लॅक्स्टनची मोजणी करविली त्याच वर्षी राजा पहिला चार्ल्स याने त्यांच्या मंडळीला, ईस्ट इंडिया कंपनीचा विरोध असतानाही, पूर्वेकडे व्यापार करण्याची परवानगी दिली. १६३६ साली कोर्टीन स्वतः वारले. परंतु कॅप्टन जॉन वेडल याच्या हाताखाली निघालेली त्यांची गलबते त्याच वर्षी गोव्यास पोचली, आणि थोड्याच काळात कारवारला त्या मंडळीची वखार उभी राहिली. नॉटिंगहॅमशायरच्या चिखलातील पट्ट्यांचा हिशेब आणि कारवारच्या मिरीचा व्यापार हे दोन्ही एका पेढीच्या दप्तरात एकाच वेळी चालले होते, ही गोष्ट मला त्या नकाशातील कोणत्याही चित्राहून अधिक विचारप्रवर्तक वाटते.

इतर गावांतून ही पद्धत नाहीशी झाली तरी कशी? १६०४ ते १९१४ या कालावधीत पार्लमेंटने जमिनींना कुंपणे घालण्यास मुभा देणारे ५,२००हून अधिक कायदे मंजूर केले, आणि त्यांखाली सुमारे ६८ लक्ष एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा पाचवा हिस्सा, सामायिक वहिवाटीतून निघून एकेका मालकाच्या हाती गेली. उत्पन्न वाढले, नव्या पिकांचे आणि पशुपैदाशीचे प्रयोग शक्य झाले, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्याची स्वतःची जमीन नव्हती, ज्याचे पोट एका गाईच्या चराईवर, रानातील सरपणावर आणि कापणीनंतर वेचलेल्या कणसांवर चालत होते, त्याच्या हातातील हक्क गेले आणि त्याच्यापाशी विकण्यासारखे फक्त श्रम उरले. त्या काळी नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये असलेल्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याने आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या या उलथापालथीचे दुःख आयुष्यभर गायिले. लॅक्स्टनमध्येही काही भागाला कुंपणे पडलीच. पण उरलेली वावरे वाचली. गावच्या जमिनीचे दोन बडे मालक, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, यांचे आपसात एकमत झाले नाही आणि पुढे १८७०नंतर शेतमालाचे भाव कोसळल्याने कुंपणांवर खर्च करण्याचा उत्साह कोणात राहिला नाही, ही कारणे इतिहासकार देतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पट्ट्यांची थोडी जोडणी करून त्या रुंद करण्यात आल्या, पण व्यवस्था मोडली नाही. १९५२ साली मॅनव्हर्स घराण्याने ती टिकावी या हेतूने गाव कृषी मंत्रालयाच्या स्वाधीन केले, १९८१ साली ते राजघराण्याच्या नावे चालणाऱ्या ‘क्राउन इस्टेट’कडे आले, आणि २०२० साली ते पुन्हा मॅनव्हर्सांच्याच जुन्या थोर्सबी मिळकतीकडे परत गेले. मालक असे बदलत असताना कचेरी मात्र भरतच राहिली. याचे श्रेय मी त्या कुळांना देतो, ज्यांना रुंद यंत्रे अरुंद पट्ट्यांत वळविण्याचा त्रास दरवर्षी सोसावा लागतो आणि तरीही जी तो सोसतात.

गावात पाहण्यासारखे आणखी काही आहेच. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या सरदारांच्या पाषाणमूर्ती निजलेल्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये एका स्त्रीची ओक लाकडात कोरलेली मध्ययुगीन मूर्ती आहे. लाकडाच्या अशा मूर्ती इंग्लंडमध्ये फार थोड्या शिल्लक आहेत. हे घराणे वंशपरंपरेने शेरवुडच्या राजअरण्याचे रक्षक होते आणि त्यांचा किल्ला गावाच्या उत्तरेस होता. आज तेथे दगडावर दगड नाही. खंदकांनी वेढलेली मातीची उंच टेकडी मात्र उत्तम स्थितीत असून, तिच्यावरून तिन्ही वावरांच्या बाजूचा मुलूख दूरवर न्याहाळता येतो.

गावाच्या शिवारातच, शेतांच्या सोबतीला, अगदी निराळ्या प्रकारचे एक स्थळ आहे. नाझी राजवटीने केलेल्या ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणारे हे केंद्र १९९५ साली स्मिथ नावाच्या एका ख्रिस्ती कुटुंबातील दोन भावांनी, जेरुसलेमचे याद वाशेम हे स्मारक पाहून आल्यावर, आपल्या आईवडिलांच्या साहाय्याने उभारले. ब्रिटनमध्ये या विषयाला वाहिलेले हे पहिलेच संग्रहालय. बागेत पांढऱ्या गुलाबांचे ताटवे आहेत आणि प्रत्येक झुडपापाशी कोणातरी बळी पडलेल्या माणसाच्या किंवा कुटुंबाच्या नावाची पाटी आहे. शाळांतील मुले येथे येऊन त्या छळातून वाचलेल्या वृद्धांच्या तोंडून त्यांची हकिकत ऐकत आली आहेत. येथे घाईने जाऊ नये. एक सबंध दुपार यासाठी राखून ठेवावी.

लॅक्स्टनच्या दक्षिणेस साउथवेल हे टुमदार गाव आहे, आणि लॅक्स्टनला जाऊन साउथवेल न पाहणे म्हणजे गोष्टीचा उत्तरार्ध वाचायचा सोडून देणे होय. गावाच्या कडेला लाल विटांची एक भली मोठी, नियमबद्ध, तीन मजली इमारत आहे. ही १८२४ साली रेव्हरंड जॉन बीचर यांच्या पुढाकाराने बांधलेली गरिबांची ‘वर्कहाउस’. ज्यांना पोट भरता येत नाही त्यांना आश्रय द्यावयाचा, पण तो इतक्या कडक शिस्तीचा आणि रुक्ष ठेवावयाचा की नाइलाज झाल्यावाचून कोणी दाराशी येऊ नये, हे तिचे धोरण. आणि १८३४च्या दारिद्र्यविषयक नव्या कायद्याने हेच धोरण देशभर लागू केले. पुरुष, स्त्रिया आणि मुले यांना वेगवेगळे ठेवीत. नवराबायकोची, आईमुलांची ताटातूट होई. अंगणेसुद्धा उंच भिंतींनी अशी तोडलेली की एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूचे माणूस दिसू नये. या इमारतीचा उपयोग बेघरांच्या निवाऱ्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होत होता. आता ती नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात असून पाहण्यास खुली आहे. खोल्या जवळजवळ रिकाम्या ठेवल्या आहेत, आणि तेच योग्य आहे. सकाळी लॅक्स्टनची कुंपण नसलेली वावरे पाहून दुपारी या भिंतींच्या अंगणात उभे राहिले म्हणजे, ६८ लक्ष एकर या आकड्याचा अर्थ त्या काळच्या भूमिहीन मजुराच्या घरात काय झाला असेल, हे समजावयास दुसऱ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

साउथवेलचे महामंदिर म्हणजे ‘मिन्स्टर’. नॉर्मन राजवटीत बाराव्या शतकात उभारलेले त्याचे सभागृह जाड वर्तुळाकार स्तंभांचे आणि गंभीर आहे. पण लोक दुरून येतात ते तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या अष्टकोनी धर्मसभागृहासाठी. मध्ये एकही खांब न देता पेललेले त्याचे दगडी छत आश्चर्यकारक आहेच. परंतु छतापेक्षा नजर वेधून घेते ती भिंतीलगतच्या स्तंभशीर्षांवरील पाने. ओक, मेपल, हॉथॉर्न, आयव्ही, हॉप, द्राक्ष अशी पानांची जात ओळखता यावी इतके ते कोरीवकाम जिवंत आहे. दगड पानाच्या मागून पोखरून काढल्यामुळे पान भिंतीपासून सुटे होऊन त्याची सावली मागे पडते. एके ठिकाणी ओकच्या पानांखाली डुकरे खाली पडलेली फळे खात आहेत. पानगळीच्या दिवसांत आपली डुकरे गावच्या रानात सोडून ओकची फळे चारण्याचा हक्क हा मध्ययुगीन रयतेच्या सामायिक हक्कांपैकी एक मोलाचा हक्क होता, आणि तो मूर्तिकारांनी नित्य पाहिला होता. निकोलाउस पेव्ह्‌सनर या विख्यात वास्तुइतिहासकाराने १९४५ साली या पानांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. याच साउथवेलच्या एका परसात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने पेरलेल्या बीपासून, शिजवून खाण्याच्या आंबट सफरचंदांत इंग्लंडभर मान्यता पावलेले ब्रॅम्ली हे वाण निपजले. फळाला नाव मात्र लागले ते पुढे ती जागा विकत घेणाऱ्या ब्रॅम्ली नावाच्या खाटकाचे.

पश्चिमेकडे वेलो गाव लागते. त्याच्या त्रिकोणी हिरवळीवर कायम उभा असलेला उंच मेखांब असून त्याभोवती गावची मुले मे महिन्यात फिती गुंफीत नाचतात. पुढे रफर्डच्या मठाचे भग्नावशेष आहेत, आणि त्यापलीकडे एडविन्स्टोजवळ शेरवुडचे अरण्य. रॉबिन हूडच्या कथांमुळे तेथे गर्दी असते. त्या कथा खऱ्या की कल्पित या वादात न पडता एवढे लक्षात ठेवावे की राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या त्या वनात हरिण मारणे हा रयतेला जबर शिक्षेचा गुन्हा होता, आणि तो कायदा मोडणारा माणूस लोकांच्या मनात वीर का ठरला हे त्यावरून उमगते. तेथील ‘मेजर ओक’ हा शेकडो वर्षांचा वृक्षराज बुंध्याशी सुमारे ११ मीटर घेराचा असून त्याच्या फांद्यांना टेकू दिलेले आहेत. १७९० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करणारे मेजर हेमन रूक यांच्यावरून त्याला हे नाव पडले. परतीच्या वाटेवर न्यूअर्कला ट्रेंट नदीकाठी, १२१६ साली जेथे राजा जॉनने प्राण सोडला त्या किल्ल्याची एक भिंत डौलाने उभी आहे. गाडीला वेळ असेल तर तेवढी पाहून घ्यावी.

जाऊ इच्छिणाऱ्याने दोन हंगाम ध्यानी धरावेत. गवताच्या पट्ट्यांतील फुले पाहावयाची तर जून. पंचांची पाहणी आणि कचेरीचे दिवस जवळून अनुभवायचे तर नोव्हेंबरचा अखेरचा आठवडा आणि डिसेंबरचा प्रारंभ. बससेवा विरळ आहे, तेव्हा न्यूअर्कहून मोटार ठरवून जाणे सोयीचे. पायांत उंच रबरी बूट अवश्य असावेत; तेथील चिकण तांबडी माती पावसात पावलागणिक बुटाला चिकटून जड होत जाते. शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पाऊलवाटांवरून चालण्याचा हक्क इंग्लंडच्या कायद्याने प्रत्येकाला दिला आहे आणि लॅक्स्टनच्या वावरांतही अशा वाटा आहेत. पण हा हक्क त्या वाटेपुरताच असल्यामुळे, छायाचित्राच्या मोहाने पेरलेल्या पट्टीत पाऊल टाकू नये. कोणते वावर या वर्षी गव्हाखाली आहे आणि कोणते मोकळे आहे, हे ‘डव्हकोट’मध्ये जेवताना विचारले तर कोणीही आनंदाने सांगेल.